नळाविना घर

घरातील नळ ही वरवर पाहता अगदी साधी वस्तू आहे. चावी फिरवली की पाणी येते आणि उलट फिरवली की ते थांबते. परंतु त्या चावीच्या मागे फार मोठी व्यवस्था उभी असते. दिल्लीचेच उदाहरण घेऊ. हिमालयातून येणारे यमुनेचे पाणी हरियाणातील मुनक कालव्यातून हैदरपूरच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते. नदीच्या पात्रातील पाणी वजिराबादच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते. गंगेचे पाणी उत्तर प्रदेशातील मुरादनगरहून प्रचंड जलवाहिनीतून सोनिया विहारच्या केंद्रात पोहोचते. या केंद्रांत पाण्यातील गाळ खाली बसवला जातो, वाळूच्या थरांतून पाणी गाळले जाते, क्लोरीन मिसळून जंतूंचा नाश केला जातो आणि मग ते मोठ्या जलाशयांत साठवून पंपांच्या जोराने वस्त्यावस्त्यांपर्यंत पोहोचवले जाते. पाणी आणणे, साठवणे, शुद्ध करणे, वाटणे आणि त्याच्या खर्चाचा हिशेब ठेवणे अशी ही पाच कामे आहेत. नळ हे या पाचही कामांचे शेवटचे टोक होय.

आता ज्या घराला नळ नाही, त्या घराचा विचार करू. नळ नाही म्हणून ही पाच कामे टळतात काय? मुळीच नाही. पाण्यावाचून कोणाचेच चालत नाही. म्हणून ही सारी कामे त्या घराच्या अंगावर येऊन पडतात. पाणी कोठून आणायचे, कशात साठवायचे, पिण्याजोगे कसे करायचे, कोणी किती वापरायचे आणि पैसे कोठून काढायचे, हे सारे त्या घरालाच ठरवावे लागते. असे प्रत्येक घर हे एक छोटेसे पाणीपुरवठा खातेच असते. फरक इतकाच की, या खात्यात अभियंते नसतात, पंप नसतात आणि पगारही नसतो. तेथे असते ती बहुधा घरातील बाई आणि तिची थोरली मुलगी.

नळ कोठवर पोहोचला?

दिल्ली जल बोर्डाची स्थापना १९९८ साली झाली. अलीकडच्या सरकारी आकड्यांनुसार शहराला रोज बाराशे पन्नास दशलक्ष गॅलनांहून अधिक पाण्याची गरज भासते आणि सुमारे एक हजार दशलक्ष गॅलन पाणी तयार होते. एक गॅलन म्हणजे सुमारे साडेचार लिटर. याचा अर्थ असा की, रोज साडेचारशे कोटी लिटर पाणी शहराच्या वाहिन्यांत सोडले जाते. दोन कोटींच्या घरात असलेल्या लोकसंख्येत ते सारखे वाटले, तर माणशी सव्वादोनशे लिटर येईल. अर्थात हा हिशेब कागदावरचा आहे. निम्म्याच्या आसपास पाण्याचा पैसा बोर्डाला मिळतच नाही. त्यातील बराच भाग फुटक्या वाहिन्यांतून गळतो किंवा चोरीला जातो. पण हे अर्धे पाणी वजा केले आणि उरलेलेच सारखे वाटले, तरी माणशी शंभर लिटरांहून अधिक पाणी येते. माणसाच्या सर्व गरजा भागवण्यासाठी रोज पन्नास ते शंभर लिटर पाणी लागते, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. तेव्हा दिल्लीतील प्रश्न केवळ टंचाईचा नाही. तो वाटपाचाही आहे.

हे वाटप असमान का झाले, हे समजण्यासाठी शहर कसे वाढले ते पाहावे लागते. दिल्ली सरकारच्या २००८-०९ च्या आर्थिक पाहणीत २००० सालचा एक अंदाज दिलेला आहे. त्यानुसार दिल्लीतील केवळ २३.७ टक्के लोक नियोजित वसाहतींत राहत होते. बाकीचे लोक झोपडवस्त्यांत, जुन्या दाटीवाटीच्या मोहल्ल्यांत, शहराने वेढलेल्या खेड्यांत, पुनर्वसन वसाहतींत आणि अनधिकृत वसाहतींत राहत होते. रोजगारासाठी माणसे शहरात आली, त्यांनी शहर बांधले, शहराची धुणीभांडी केली, रिक्षा ओढल्या. पण त्यांच्या राहण्याची सोय नियोजनाच्या नकाशात झाली नाही. जेथे जागा मिळाली तेथे त्यांनी घरे बांधली. जलवाहिनी मात्र जमिनीच्या कागदपत्रांमागून चालते. कागद पक्का नसेल, तर वाहिनी दारापर्यंत येता येता थांबते.

दक्षिण दिल्लीतील संगम विहार ही अशीच एक विशाल वसाहत आहे. देवळी, तिगडी आणि तुघलकाबाद या गावांच्या शेतजमिनींवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ती वाढत गेली. पश्चिमेकडील सावदा घेवरा या वसाहतीची कथा वेगळी आहे. शहराच्या मध्यभागातील झोपडवस्त्या हटवून २००६ पासून लोकांना येथे आणले गेले. त्यांना साडेबारा किंवा अठरा चौरस मीटरचे भूखंड देण्यात आले. म्हणजे ही वसाहत सरकारनेच वसवली. तरीही पुष्कळ काळ तेथील लोकांना टँकरची वाट पाहावी लागली. दिल्ली, नोएडा आणि गाझियाबाद यांच्या सीमेवरील खोडा या वस्तीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांहून अधिक होती. एखाद्या जिल्ह्याच्या गावाएवढी ही वस्ती नळयोजनेवाचून, जमिनीतील पाण्यावर आणि विकतच्या पाण्यावर वाढली.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१३ मधील अहवालात या परिस्थितीचे एक बोलके मोजमाप सापडते. दिल्लीतील २४.८ टक्के कुटुंबांना नळाऐवजी टँकरने पाणी दिले जात होते आणि त्यातून माणशी रोज सरासरी ३.८२ लिटर पाणी मिळत होते. स्नानाच्या साध्या बादलीत पंधरा ते वीस लिटर पाणी मावते. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला जेमतेम पाव बादली पाणी येत होते. पिणे, स्वयंपाक, स्नान, धुणे, शौच हे सारे इतक्या पाण्यात कसे भागावे? ते भागत नाही, म्हणूनच उरलेले पाणी प्रत्येक घराला आपापल्या मार्गाने मिळवावे लागते.

पाणी आणणे

हे मार्ग प्रामुख्याने तीन आहेत. पहिला मार्ग टँकरचा. टँकर येण्याची वेळ ठरलेली असली, तरी ती पाळली जाईलच असे नसते. चाणक्यपुरीत परदेशी वकिलातींच्या शेजारी वसलेल्या संजय कॅम्पमधील किंवा वसंत विहारजवळच्या कुसुमपूर पहाडीतील टँकरभोवतीची गर्दी उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून वारंवार दिसते. टँकर थांबण्यापूर्वीच तरुण मुले त्याच्यावर चढतात आणि वरच्या तोंडातून रबरी नळ्या आत सोडतात. तोंडाने हवा ओढून नळीतून पाणी खाली उतरवले जाते. ज्याची नळी लांब आणि ज्याच्या अंगात बळ, त्याचे पिंप आधी भरते. म्हातारी माणसे, एकट्या बायका, आजारी माणसे मागे राहतात. काही मिनिटांत टँकर रिकामा होतो.

दुसरा मार्ग कूपनलिकेचा. एखादा माणूस पदरचे पैसे घालून जमिनीत खोल छिद्र पाडतो, पंप बसवतो आणि गल्लीतील घरांना प्लास्टिकच्या नळ्यांनी पाणी देऊन महिन्याचे पैसे घेतो. संगम विहारसारख्या वसाहतींत गटारांच्या कडेने अशा नळ्यांचे जाळे पसरलेले दिसते. पाणी रोज येत नाही. आठवड्यातून एकदा, तर कोठे त्याहूनही कमी वेळा, तासा-दोन तासांसाठी एकेका घराची पाळी येते. हा पाणीवाला शेजारीच असतो. तो नसता, तर गल्लीला पाणीच मिळाले नसते, हे खरे. आणि त्याच्याशी भांडण झाले की पाणी बंद होते, हेही तितकेच खरे. दर त्याने ठरवायचा, वेळ त्याने ठरवायची आणि तक्रार कोणाकडे करायची हे कोणालाच ठाऊक नसते.

तिसरा मार्ग विकतच्या जारचा. वीस लिटरचा प्लास्टिकचा जार सायकलवरून किंवा तीनचाकी गाडीतून घरोघरी पोहोचवला जातो. पूर्वीच्या दिल्लीत भिश्ती कातड्याच्या पखालीतून पाणी आणून घालत असत. पखाल जाऊन प्लास्टिक आले. पाणी विकत घेणारे घर मात्र राहिले. २०१३ च्या सुमारास सावदा घेवरा येथे एका संस्थेने जल बोर्डाच्या सहकार्याने पाण्याची स्वयंचलित यंत्रे बसवली. पैसे भरलेले कार्ड यंत्रासमोर धरले की शुद्ध पाणी मिळू लागले. दर होता लिटरमागे सुमारे तीस पैसे. जारपेक्षा हे पाणी पुष्कळ स्वस्त होते; पण तेही पिण्यापुरतेच.

कोणत्याही मार्गाने मिळाले, तरी पाणी घरात चढवावे लागते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. पाच माणसांच्या कुटुंबाने माणशी पन्नास लिटर पाणी वापरायचे ठरवले, तर रोज अडीचशे किलो वजन वाहून आणावे लागेल. वीस लिटरचा डबा घेऊन बारा-तेरा खेपा होतात. खोली तिसऱ्या मजल्यावर असेल, तर तितक्याच वेळा जिने चढावे लागतात. असा भार वाहणे शक्य नसते, म्हणून कुटुंब पाण्याची गरजच कमी करते. आधी स्नान कमी होते, मग कपडे धुण्याचे दिवस लांबतात, शेवटी हात धुणेही कमी होते. रोगराई शिरते ती येथूनच.

पाणी साठवणे

जे पाणी रोज येत नाही, ते साठवावे लागते. म्हणून अशा वस्त्यांत दारोदारी निळी पिंपे दिसतात. घर लहान असल्यामुळे पिंप गल्लीत ठेवावे लागते आणि रात्री पाणी चोरीला जाऊ नये म्हणून काही घरे त्याला साखळी आणि कुलूप लावतात. दागिन्यांना कुलूप लावणे समजण्यासारखे आहे. पाण्याला कुलूप लावावे लागणे ही त्या वस्तीच्या अवस्थेची खूण आहे.

साठवणीत धोकेही असतात. कारखान्यात रसायनांसाठी वापरलेली पिंपे स्वस्त मिळतात. पण कितीही धुतली तरी ती पिण्याच्या पाण्यासाठी योग्य नसतात. उघड्या पाण्यात हात किंवा मळका पेला बुडवला, की स्वच्छ पाणीही दूषित होते. आपल्याकडे पूर्वी लांब दांड्याचे ओगराळे वापरून पाणी काढण्याची पद्धत होती, तिच्यामागे हाच विचार होता. अरुंद तोंडाचे आणि खाली तोटी असलेले भांडे त्याहूनही चांगले.

डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामे करून, घासून कोरडे करावे, असे आरोग्य खाते सांगते. १९९६ मध्ये दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली आणि तीत चारशेहून अधिक माणसे दगावली. २०१५ मध्ये पंधरा हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. ‘पिंप रिकामे करा’ हा सल्ला योग्यच आहे. पण ज्या घराला पुढचे पाणी कधी येईल हे माहीत नाही, त्या घरातील बाईला ते पाणी ओतून देणे किती जड जात असेल, याचाही विचार केला पाहिजे. शिल्लक पाणी भांड्यांत काढून, पिंप आळीपाळीने घासणे आणि एरवी त्यावर घट्ट झाकण किंवा कापड बांधणे, हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग आहे.

पाणी शुद्ध करणे

१९८८ च्या पावसाळ्यात यमुनेपलीकडील पुनर्वसन वसाहतींत पटकीची साथ पसरली. तेथील पुष्कळ लोक उथळ हातपंपांचे पाणी पीत होते. सांडपाण्याची नीट व्यवस्था नसल्यामुळे मैला जमिनीत मुरून त्या पाण्यात मिसळला होता. पाणी दिसायला स्वच्छ होते. पण डोळ्यांना दिसणारी स्वच्छता आणि पाण्याची शुद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या साथीने दिला.

घरच्या घरी पाणी शुद्ध करण्याचे अनेक उपाय आहेत. पहिला उपाय गाळण्याचा. बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या अनेक घड्या करून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात आणि ते प्राणी कापडात अडकतात, त्यामुळे पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. गाळल्याने सर्व जंतू जात नाहीत, म्हणून त्यानंतर पाणी उकळावे. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर ते मिनिटभर तसेच ठेवले, तर रोगजंतू मरतात. परंतु उकळण्याला इंधन लागते आणि गॅसचा सिलिंडर महिनाभर पुरवायचा असतो. क्लोरीनचे द्रावण किंवा गोळ्या हा स्वस्त उपाय आहे. योग्य मात्रेत मिसळून अर्धा तास थांबले, की पाणी पिण्याजोगे होते.

जमिनीतील क्षार मात्र गाळून, उकळून किंवा क्लोरीन घालून जात नाहीत. दिल्लीच्या पश्चिम आणि वायव्य भागांतील भूजल बऱ्याच ठिकाणी खारे आहे. काही ठिकाणी त्यात फ्लोराइड आणि नायट्रेट यांचे प्रमाण अधिक आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार एका लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल, तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येतात. हे क्षार काढण्यासाठी आरओ यंत्र वापरले जाते. त्यात पाणी दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलले जाते. घरगुती यंत्रात शुद्ध होते त्याहून अधिक पाणी बहुधा बाहेर टाकले जाते. ते फेकून न देता लादी पुसण्यासाठी किंवा शौचालयासाठी वापरले, तर तेवढेच चांगले पाणी वाचते.

पाण्याची खरी किंमत

नळाचे पाणी स्वस्त आणि टँकरचे पाणी महाग, हे सर्वांना माहीत असते. पण किती महाग, याचा हिशेब क्वचितच केला जातो. जल बोर्डाच्या २०१८ च्या दरपत्रकात घरगुती नळासाठी पहिल्या टप्प्याचा दर एक हजार लिटरला ५ रुपये २७ पैसे होता. शिवाय महिन्याला वीस हजार लिटरांपर्यंत पाणी वापरणाऱ्या घरांना ते विनामूल्य देण्याची योजना २०१५ मध्ये लागू झाली होती. आता वीस लिटरचा जार अगदी वीस रुपयांना मिळतो असे धरले, तर एक हजार लिटर पाण्यासाठी पन्नास जार आणि एक हजार रुपये लागतात. हा दर नळाच्या त्या दराच्या सुमारे एकशे नव्वद पट होतो. विनामूल्य पाण्याची सवलत नळाला जोडलेली होती. ज्याच्याकडे नळच नाही, त्याला ती कशी मिळणार? म्हणजे ज्याची मिळकत कमी, त्यानेच पाण्यासाठी अधिक मोजायचे, अशी ही उफराटी रीत आहे.

पैशांखेरीज वेळेचीही किंमत असते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मोजपट्टीनुसार, सुरक्षित स्रोतापर्यंत जाऊन, रांगेत थांबून, पाणी घेऊन परत येण्यास तीस मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल, तर त्या कुटुंबाला पाण्याची मूलभूत सोयही नाही असे समजले जाते. टँकरची वाट पाहण्यात सकाळ निघून जाते. त्या सकाळी मजुरीवर जाणाऱ्याचा रोज बुडतो. आई कामावर गेलेली असेल, तर रांगेत मुलगी उभी राहते. आज पहिला तास चुकतो, उद्या पूर्ण दिवस चुकतो आणि हळूहळू वहीतील हजेरीच्या जागी रांगेतील पाळी येते. शाळा सुटण्याची कारणे नोंदवताना ‘घरकाम’ असा एक शब्द लिहिला जातो. त्या एका शब्दात कितीतरी हंडे आणि कितीतरी जिने लपलेले असतात. अर्ध्यावर राहिलेले शिक्षण पुढे मुक्त विद्यालयातून पूर्ण करणाऱ्या मुली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पण ते मुळात अर्ध्यावर राहायला नको होते.

एकाची सोय, दुसऱ्याची अडचण

प्रत्येक घराने आपापले पाणी मिळवावे, एवढ्यावर प्रश्न सुटत असता, तर फारसे बिघडले नसते. पण पाण्याचा गुणधर्मच असा आहे की, ते कोणा एकाच्या हद्दीत राहत नाही. जमिनीखालचे पाणी गल्लीतील सर्वांचे एकच असते. एकाने खोल कूपनलिका खणली की शेजारच्याची आटते. मग शेजारी त्याहून खोल खणतो. भूजलाच्या उपशावर नियंत्रण ठेवण्यासाठी १९९७ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झाले. तरीही दिल्लीच्या बऱ्याच भागांत पावसाने जेवढे पाणी जमिनीत मुरते, त्याहून अधिक पाणी उपसले जात आहे.

हीच गोष्ट पंपाची. जेथे नळ आहे, पण पाण्याला जोर नाही, तेथे लोक वाहिनीलाच मोटर जोडून पाणी ओढतात. त्यामुळे पुढच्या घरांचे पाणी कमी होते, एवढेच नव्हे. मोटरच्या ओढीने वाहिनीतील दाब इतका घटतो की, वाहिनीला भेग असेल तर बाहेरचे गटाराचे पाणी आत शोषले जाते. ते दूषित पाणी मग साऱ्या गल्लीत जाते, मोटर लावणाऱ्याच्या घरातसुद्धा. अडचणीतून शोधलेला खासगी उपाय असा सर्वांवर उलटतो. अमुक माणूस वाईट आहे म्हणून हे घडत नाही. सार्वजनिक व्यवस्था अपुरी आहे म्हणून घडते.

नळ असलेल्यांनाही या व्यवस्थेचे महत्त्व कधीकधी अचानक कळते. फेब्रुवारी २०१६ मध्ये हरियाणातील आंदोलनाच्या काळात मुनक कालव्याची नासधूस झाली आणि दिल्लीच्या मोठ्या भागातील नळ कोरडे पडले. एरवी नळावर विसंबून असलेली कुटुंबेही काही दिवस टँकरची वाट पाहत होती. त्यांच्या दृष्टीने ते संकट होते; शहरातील लाखो लोकांच्या दृष्टीने तो नेहमीचाच दिवस होता. जून २०२४ मधील कडक उन्हाळ्यात टँकर माफियांविरुद्ध काय कारवाई केली, अशी विचारणा सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली सरकारकडे केली. टँकरवर देखरेख ठेवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. पण टँकर कितीही वाढवले, तरी तो नळाला पर्याय होऊ शकत नाही.

हौद, तळे आणि नळ

पाणी आणि न्याय यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. १८६८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुला केला. एका घराने आपले पाणी दुसऱ्यांना देणे, एवढीच ती घटना नव्हती. पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे, याचा तो उच्चार होता. महाडचे चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने केलेला होता. परंतु ठराव कागदावर राहिला आणि तळे बंदच राहिले. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ठराव होणे आणि पाणी मिळणे यांत किती अंतर असू शकते, हे महाडने दाखवून दिले.

स्वतंत्र भारतात या विचाराला संविधानाचा आधार मिळाला. निर्मळ पाणी मिळणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात स्पष्ट केले. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २८ जुलै २०१० रोजी पाणी आणि स्वच्छता यांना मानवी हक्क म्हणून मान्यता दिली. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निर्णय देताना सांगितले की, घर अनधिकृत आहे एवढ्या कारणाने त्यात राहणाऱ्या माणसांना पाण्यापासून पूर्णपणे वंचित ठेवता येणार नाही. त्यांच्यासाठी दर वेगळा असू शकेल, अटी वेगळ्या असू शकतील. पण पाणी नाकारता येणार नाही. घराचा कागद आणि माणसाची तहान या दोन गोष्टी न्यायालयाने वेगळ्या केल्या. पुढे २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण स्वीकारले. दिल्लीतही २०१९ च्या कायद्याने अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांना मालमत्तेचे हक्क देण्याचा मार्ग खुला झाला. तरीही कागद मिळणे आणि नळाला पाणी येणे यांतले अंतर चालून जायचे आहेच.

घराने काय करावे, शहराने काय करावे?

नळ नसलेल्या घराला काही गोष्टी आपल्या हाती ठेवता येतात. पिण्याचे पाणी वेगळ्या, झाकलेल्या भांड्यात ठेवणे, ते उकळून किंवा क्लोरीन मिसळून वापरणे, साठवणीची भांडी दर आठवड्याला घासणे, एकदा वापरलेले पाणी दुसऱ्या कामाला लावणे आणि पाणी आणण्याचे काम घरातील सर्वांनी, मुलग्यांनीसुद्धा, वाटून घेणे हे प्रत्येक घराला शक्य आहे. गल्लीतील लोक एकत्र आले तर टँकरसमोर नावांची यादी करून पाळी लावता येते, म्हाताऱ्या माणसांचे पिंप आधी भरता येते आणि नळजोडणीसाठी एकत्रित अर्ज करता येतो. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा वापरून आपल्या वस्तीसाठी टँकरच्या किती फेऱ्या मंजूर आहेत, हेही विचारता येते.

परंतु नदीचे पाणी शहरात आणणे, फुटक्या वाहिन्या बदलणे, पाण्याची नियमित तपासणी करणे आणि प्रत्येक गल्लीपर्यंत योग्य दाबाने ते पोहोचवणे ही कामे कोणत्याही घराच्या आवाक्यातील नाहीत. ती शहराचीच कामे आहेत. घराने दाखवलेल्या कल्पकतेचे कौतुक जरूर करावे; मात्र त्या कौतुकाच्या आड शहराची जबाबदारी झाकली जाऊ नये.

ज्यांच्या घरी नळ आहे, त्यांनी एक दिवस आपल्या घरात वापरलेल्या पाण्याची नोंद करून पाहावी. किती बादल्या, किती लिटर, त्यांपैकी पिण्यासाठी किती आणि वाया गेले किती? मग तेवढे सारे पाणी आपल्याला गल्लीच्या टोकापासून उचलून आणावे लागले असते, तर त्याला किती खेपा झाल्या असत्या, हेही मोजावे. ज्यांच्या घरी नळ नाही, त्यांना हा हिशेब मांडून पाहण्याची गरज नाही. तो त्यांच्या खांद्यांना आणि गुडघ्यांना पाठ असतो.